विश्लेषण : गेम निर्मात्याचा, गिऱ्हाईक दुकानाचे? स्वतंत्र गेमनिर्माते ‘स्टीम’वर इतके अवलंबून का?

फ्रान्समधील ‘पर्माडेथ’ या छोट्या चमूने ‘प्लॅनेट सेंटॉरी’ या गेमवर जवळपास दहा वर्षे काम केले. डिसेंबर २०२४ मध्ये त्याची पूर्ण आवृत्ती ‘स्टीम’ या ऑनलाइन दुकानात विक्रीला आली. त्या वेळी १ लाख ३० हजारांहून अधिक लोकांनी हा गेम आपल्या ‘विशलिस्ट’मध्ये, म्हणजे घ्यायच्या वस्तूंच्या यादीत नोंदवून ठेवला होता. प्रत्यक्षात पहिल्या पाच दिवसांत विकल्या गेल्या अवघ्या ५८१ प्रती. असे का झाले, हे कळायला नऊ महिने लागले. सप्टेंबर २०२५ मध्ये स्टीम चालवणाऱ्या ‘व्हॉल्व्ह’ कंपनीने निर्मात्यांना कळवले की, तांत्रिक दोषामुळे यादीतील लोकांना ‘गेम आला’ ही ईमेलच गेली नव्हती. २०१५ पासून शंभराहून कमी गेमच्या बाबतीत असे घडल्याचे कंपनीचे म्हणणे. भरपाई म्हणून एका दिवसाच्या सवलतीची ठळक जाहिरात देऊ करण्यात आली. एका दुकानाची एक ईमेल न गेल्याने दहा वर्षांचे काम झाकोळले जात असेल, तर स्वतंत्र गेमनिर्मात्यांचे या दुकानांशी नाते नेमके काय आहे?

‘स्टीम’ एवढे मोठे कसे झाले?

व्हॉल्व्ह ही अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यातली खासगी कंपनी. १९९६ मध्ये गेब न्यूवेल आणि माइक हॅरिंग्टन यांनी ती स्थापन केली. सप्टेंबर २००३ मध्ये ‘स्टीम’ सुरू झाले ते स्वतःच्या गेमना अपडेट पोहोचवण्यासाठी. पुढच्याच वर्षी ‘हाफ-लाइफ २’ हा गाजलेला गेम खेळायचा तर संगणकावर स्टीम असणे सक्तीचे झाले. लोकांनी आधी कुरकुर केली, मग ते रुळले. २००५ पासून इतरांचे गेमही तिथे विकले जाऊ लागले.

आज संगणकावरचे गेम विकत घेणे म्हणजे बहुतेकांसाठी स्टीम उघडणे. मार्च २०२५ मध्ये एकाच वेळी स्टीमवर असलेल्या वापरकर्त्यांची संख्या ४ कोटींच्या पुढे गेली. एवढी वर्दळ असलेले दुसरे दुकान या बाजारात नाही.

स्वतंत्र निर्माते म्हणजे कोण? त्यांना या दुकानाने काय दिले?

मोठ्या प्रकाशन कंपनीच्या पैशाविना, एकट्याने किंवा छोट्या चमूने गेम करणाऱ्यांना ‘इंडी’ म्हणतात. सीडी-डीव्हीडीच्या जमान्यात अशा निर्मात्याला दुकानाच्या फळीवर जागा मिळणे जवळजवळ अशक्य होते. छपाई, खोके, वाहतूक, वितरक, दुकानदार यांचे हिस्से जाऊन त्याच्या हाती फारच थोडे उरत असे. डिजिटल दुकानाने ही साखळी मोडली.

एरिक बॅरोन या एकट्या अमेरिकी तरुणाने केलेला ‘स्टारड्यू व्हॅली’ २०१६ मध्ये स्टीमवर आला. पुढे तो इतर यंत्रांवरही गेला आणि २०२४ च्या अखेरीपर्यंत त्याच्या सर्व मिळून ४ कोटी १० लाख प्रती विकल्या गेल्या. पत्त्यांवर आधारलेला ‘बलाट्रो’ हाही एकाच व्यक्तीने केलेला गेम. फेब्रुवारी २०२४ मध्ये तो आला आणि वर्षभरात ५० लाख प्रतींवर पोहोचला. ही उदाहरणे खरी आहेत आणि ती या दुकानांशिवाय घडली नसती, हेही मान्य करायला हवे. मात्र ती अपवाद आहेत. नियम समजून घ्यायचा तर हिशेबाकडे वळायला हवे.

३० टक्के कमिशन कशाचे?

स्टीमवर गेम ठेवायला आधी १०० डॉलर, म्हणजे साधारण साडेआठ ते नऊ हजार रुपये भरावे लागतात. गेमची विक्री १,००० डॉलरवर गेली की ही रक्कम परत मिळते. त्यानंतर प्रत्येक विक्रीतून ३० टक्के स्टीमचे.

एक सोपे गणित पाहू. १० डॉलरच्या गेमच्या १०,००० प्रती विकल्या गेल्या, तर गल्ला एक लाख डॉलर. त्यातले ३० हजार दुकानाचे. उरलेले ७० हजार तिघांच्या चमूने दोन वर्षे राबून मिळवले असतील, तर माणशी वर्षाला पावणेबारा हजार डॉलरही पडत नाहीत. त्यातूनच कर, परत केलेल्या प्रतींचे पैसे, संगीतकाराचे मानधन, भाषांतर, जाहिरात हे सारे भागवायचे. सवलतीत विकलेल्या प्रतींचा भाव आणखी कमी.

शिवाय दर सर्वांना सारखा नाही. नोव्हेंबर २०१८ च्या अखेरीस व्हॉल्व्हने जाहीर केले की, एखाद्या गेमचे उत्पन्न १ कोटी डॉलरच्या पुढे गेले की वरच्या रकमेवर २५ टक्के आणि ५ कोटी डॉलरच्या पुढे २० टक्केच घेतले जातील. म्हणजे धनाढ्य कंपनीला सूट, तर छोट्याला पूर्ण दर. मोबाइलच्या दुकानांनी नेमके उलटे केले. अ‍ॅपलने जानेवारी २०२१ पासून वर्षाला १० लाख डॉलरपेक्षा कमी कमावणाऱ्यांसाठी दर १५ टक्के केला. त्याच वर्षी जुलैपासून गूगल प्लेने पहिल्या १० लाख डॉलरवर १५ टक्के दर लागू केला.

दुकानाची बाजूही आहे. गेमची साठवण, जगभर डाउनलोड, अनेक देशांच्या चलनांत पैसे घेणे, स्थानिक कर भरणे, खेळाडूंची प्रगती साठवणे, चर्चेसाठी जागा देणे, हे सारे स्टीम करते. निर्मात्याला काही प्रमाणात मोफत ‘की’ काढून दुसरीकडे विकताही येतात आणि त्यावर कमिशन लागत नाही. एकट्या माणसाने हे सगळे उभे करायचे म्हटले तर गेम करायला वेळच उरणार नाही.

मग खरी अडचण कमिशनची की दिसण्याची?

बहुतेकांसाठी दिसण्याची. पूर्वी कोणता गेम दुकानात घ्यायचा हे व्हॉल्व्हची माणसे ठरवत. ऑगस्ट २०१२ मध्ये ‘ग्रीनलाइट’ या योजनेतून मतदान आले. जून २०१७ मध्ये तेही गेले आणि पैसे भरून जवळपास कुणालाही गेम ठेवता येऊ लागला. दार उघडले तशी गर्दी वाढली. २०२४ या एका वर्षात स्टीमवर सुमारे १९ हजार गेम आले. म्हणजे रोज पन्नासहून अधिक.

एवढ्या गर्दीत कोणता गेम पहिल्या पानावर दिसणार, कोणाला सुचवला जाणार, हे संगणकीय प्रणाली ठरवते. तिचे ढोबळ नियम जाहीर आहेत, पण बारकावे नाहीत. म्हणून निर्माते वर्ष-वर्ष आधीपासून विशलिस्टची संख्या वाढवण्यामागे लागतात. यादीत जितकी नावे, तितकी ‘लवकरच येणारे लोकप्रिय’ या रांगेत जागा मिळण्याची शक्यता जास्त. वर्षातून तीनदा होणाऱ्या ‘नेक्स्ट फेस्ट’ या उत्सवात मोफत नमुना ठेवायचा, तोही याच साठी. गेम बाजारात आला किंवा त्यावर २० टक्के वा अधिक सवलत लागली, की यादीतल्या लोकांना ईमेल जाते. ‘प्लॅनेट सेंटॉरी’च्या बाबतीत हाच धागा तुटला.

मोठ्या गेमची सावलीही छोट्यांवर पडते. ऑस्ट्रेलियातील ‘टीम चेरी’चा बहुप्रतीक्षित ‘हॉलो नाइट : सिल्कसाँग’ ४ सप्टेंबर २०२५ रोजी येणार, अशी घोषणा दोन आठवडे आधी झाली. ते कळताच अनेक छोट्या चमूंनी आपल्या तारखा पुढे ढकलल्या. एकच बाजार, एकच पहिले पान आणि त्या दिवशी सगळ्यांचे लक्ष एकीकडेच जाणार, हे त्यांना ठाऊक होते. सिल्कसाँग आला त्या दिवशी स्टीमसह अनेक दुकानांच्या यंत्रणा काही काळ कोलमडल्या.

गिऱ्हाईक नेमके कोणाचे?

हा या विषयाचा गाभा आहे. तुमचा गेम विशलिस्टमध्ये टाकणाऱ्या एक लाख लोकांपैकी एकाचाही ईमेल पत्ता तुम्हाला मिळत नाही. विकत घेणाऱ्याचाही नाही. संख्या दिसते, देशनिहाय आलेख दिसतात, माणसे दिसत नाहीत. उद्या दुसरा गेम केला तर जुन्या गिऱ्हाइकांना सांगायचे तेही दुकानामार्फतच. चाळीस हजार प्रती विकलेला निर्मातासुद्धा त्या अर्थाने दरवेळी नव्याने सुरुवात करतो.

बाजार समितीत माल नेणाऱ्या शेतकऱ्याला ही गोष्ट वेगळी सांगावी लागणार नाही. आडत किती, हा त्याचा प्रश्न असतोच. पण खरेदीदार त्या एकाच आवारात येतात, हा त्याहून मोठा प्रश्न असतो.

नियम बदलले तरी निर्मात्याच्या हाती फारसे काही नसते. जून २०१५ पासून स्टीमवर खरेदीच्या १४ दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळले असल्यास पैसे परत मिळतात. ग्राहकासाठी ही चांगली सोय आहे. पण ज्यांचा गेमच दीड तासात संपतो त्यांचे काय? २०२१ मध्ये ‘समर ऑफ ५८’ या छोट्या भयगेमच्या निर्मात्याने नेमकी हीच तक्रार केली. लोक गेम पूर्ण खेळतात, चांगला अभिप्राय देतात आणि पैसे परत घेतात, असे सांगून त्याने काही काळ गेम बनवणे थांबवत असल्याचे जाहीर केले.

दुसरी दुकाने आहेत. तिकडे का जात नाहीत?

जातात, पण गिऱ्हाईक सोबत येत नाही. ‘एपिक गेम्स स्टोअर’ डिसेंबर २०१८ मध्ये फक्त १२ टक्के कमिशन घेऊन सुरू झाले. जून २०२५ पासून तर प्रत्येक गेमच्या वर्षातील पहिल्या १० लाख डॉलर उत्पन्नावर ते काहीच घेत नाही. मायक्रोसॉफ्टनेही २०२१ मध्ये संगणकावरील गेमचे कमिशन १२ टक्क्यांवर आणले. ‘इच डॉट आयओ’ या इंडी गेमच्या लाडक्या दुकानात तर कमिशन किती द्यायचे हे निर्माताच ठरवतो.

केवळ कमिशन पाहून निर्णय होत असता, तर स्टीम कधीच ओस पडले असते. पण खेळाडूचे वर्षानुवर्षांचे गेम, मित्रमंडळी, मिळवलेली पदके सारे स्टीमच्या खात्यात असते. दुसऱ्या दुकानासाठी नवे खाते उघडायलाही तो कंटाळतो. विनाकमिशन शंभर प्रती विकण्यापेक्षा ३० टक्के देऊन पाच हजार विकणे निर्मात्याला परवडते.

२०१९ मध्ये ‘उब्लेट्स’ या गेमच्या दोघा निर्मात्यांनी एपिककडून किमान विक्रीची हमी घेऊन तिथेच गेम आणायचे ठरवले. हमी मिळाल्याने त्यांची आर्थिक चिंता मिटली. पण स्टीमनिष्ठ खेळाडूंनी त्यांना शिवीगाळ आणि धमक्यांनी हैराण केले. छोट्या चमूने दुकान बदलणे किती कठीण, याचा तो धडा ठरला.

दुकानानेच दार बंद केले तर?

इटलीतील मिलानच्या ‘सांता राज्योने’ या चमूला हा अनुभव आला. त्यांचा ‘हॉर्सेस’ हा अस्वस्थ करणारा, प्रौढांसाठीचा भयगेम स्टीमने २०२३ मध्येच नाकारला. नेमके काय खटकले हे नीट सांगितले गेले नाही आणि बदल करून पुन्हा सादर करण्याची संधीही मिळाली नाही, असे चमूचे म्हणणे. गेमच्या सुरुवातीच्या मसुद्याची तपासणी करून नियमांनुसार निर्णय घेतला, अशी व्हॉल्व्हची भूमिका. स्टीम नाही म्हटल्यावर प्रकाशक मिळेना आणि स्टुडिओ बंद पडण्याची वेळ आली, असे चमूने जाहीरपणे सांगितले. डिसेंबर २०२५ मध्ये गेम येण्याच्या आदल्या दिवशी एपिकनेही तो काढून टाकला. अखेर ‘जीओजी’, ‘इच’ अशा छोट्या दुकानांतून तो विकला गेला. कोणता मजकूर ठेवायचा हा दुकानाचा हक्क आहे, हे खरे. पण एकाच दुकानाचा नकार हा बाजाराचाच नकार ठरतो, तेव्हा कारण आणि दाद मागण्याची सोय मिळणे महत्त्वाचे होते.

दुकानांवरही कुणाची तरी सत्ता चालते. ऑस्ट्रेलियातील एका संघटनेने लैंगिक हिंसा दाखवणाऱ्या गेमविरोधात पैसे हस्तांतर करणाऱ्या कंपन्यांकडे मोहीम चालवली. त्यानंतर जुलै २०२५ मध्ये स्टीमने नियमावलीत भर घातली. पेमेंट कंपन्या आणि कार्ड जाळ्यांच्या नियमांत न बसणारा मजकूर चालणार नाही, असे त्यात म्हटले होते. त्याच महिन्यात ‘इच’ने पूर्वसूचना न देता प्रौढांसाठीचे हजारो गेम शोधयादीतून काढले. आक्षेपार्ह काही नसलेले गेमही त्यात झाकले गेले, अशी अनेकांची तक्रार होती. पैसे स्वीकारण्याची वाटच बंद होण्याचा धोका असल्याने पर्याय नव्हता, असे ‘इच’चे स्पष्टीकरण होते. सर्वांत मोकळे समजले जाणारे दुकानही किती परावलंबी आहे, हे यातून दिसले.

न्यायालयांत काय चालले आहे?

‘ओव्हरग्रोथ’ गेम करणाऱ्या ‘वुल्फायर गेम्स’ने २०२१ मध्ये सिॲटल येथील न्यायालयात व्हॉल्व्हविरुद्ध स्पर्धाविरोधी वर्तनाचा दावा लावला. मुख्य आरोप किमतीबाबतचा आहे. कमी कमिशनच्या दुकानात गेम स्वस्त विकायला स्टीम आडकाठी करते, त्यामुळे स्वस्त दुकानाचा फायदा ना निर्मात्याला मिळतो ना ग्राहकाला, असे वुल्फायरचे म्हणणे. व्हॉल्व्हने आरोप फेटाळले आहेत. नोव्हेंबर २०२४ मध्ये न्यायालयाने याला सामूहिक दाव्याचा दर्जा दिला. त्यामुळे जानेवारी २०१७ पासून स्टीमला कमिशन देणारे असंख्य निर्माते त्यात आले. ब्रिटनमध्येही २०२४ मध्ये ग्राहकांच्या वतीने ६५.६ कोटी पौंडांचा दावा दाखल झाला.

मोबाइलच्या आघाडीवर ‘एपिक’ने ऑगस्ट २०२० मध्ये ‘फोर्टनाइट’मध्ये थेट पैसे भरण्याची सोय दिली. अ‍ॅपल आणि गूगलने तो गेम काढला आणि खटले सुरू झाले. गूगलविरुद्ध डिसेंबर २०२३ मध्ये ज्युरीने निकाल दिला. अ‍ॅपलने आधीचा आदेश पाळला नाही, असे एप्रिल २०२५ मध्ये न्यायाधीशांनी म्हटले, तर अ‍ॅपलने त्यावर अपील केले. हा लढा एपिकसारखी बलाढ्य कंपनी लढू शकली. तिघांच्या चमूला पहिल्या तारखेचा वकीलही परवडत नाही.

भारतातील, महाराष्ट्रातील निर्मात्यांचे काय?

पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’चा ‘राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक’ हे आपल्याकडचे ठळक उदाहरण. भारतीय पुराणकथा, राजस्थानी वास्तुकला आणि पहाडी चित्रशैली यांवर बेतलेल्या या गेमसाठी लोकवर्गणीची मोहीम झाली, पण ती फसली. तरीही चमूने काम पूर्ण केले. गेम ऑगस्ट २०२० मध्ये ‘निन्टेन्डो स्विच’वर आणि ऑक्टोबरमध्ये संगणक, ‘प्लेस्टेशन’, ‘एक्सबॉक्स’वर आला. ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये सर्वोत्तम पदार्पणाच्या इंडी गेमसाठी त्याला नामांकनही मिळाले. पुण्यात बनलेला हा गेम ज्या दुकानांतून विकला गेला त्यांतील प्रमुख दुकानांचे नियम अमेरिका आणि जपानमध्ये ठरतात.

भारतात बहुतेक लोक मोबाइलवर खेळतात आणि मोफत गेमला पसंती देतात. त्यामुळे संगणकासाठी गेम करणाऱ्याला परदेशी गिऱ्हाईक हवेच आणि तिथे पोहोचण्याची वाट स्टीममधून जाते. अमेरिकेतील विक्रीवर तिथला कर कापूनच पैसे हाती येतात. मोबाइलवर जायचे तर गूगल प्ले.

गूगलच्या बिलिंग धोरणावरून भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये ९३६ कोटी ४४ लाख रुपयांचा दंड ठोठावला. मार्च २०२५ मध्ये अपील न्यायाधिकरणाने तो सुमारे २१६ कोटींवर आणला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. दरम्यान १ मार्च २०२४ रोजी शुल्काच्या वादातून गूगलने ‘नोकरी’, ‘शादी’, ‘भारत मॅट्रिमोनी’ यांच्यासह काही भारतीय कंपन्यांची अ‍ॅप काढली होती. केंद्र सरकारने मध्यस्थी केल्यावर ती काही दिवसांतच परत आली. छोट्या गेमनिर्मात्याचा गेम गेला, तर त्याच्यासाठी कोणता मंत्री बैठक बोलावणार, हा प्रश्न उरतोच.

मग उपाय काय?

निर्मात्यांच्या हाती काही गोष्टी आहेत. खेळाडूंशी दुकानाबाहेर ओळख ठेवणे हा त्यातला पहिला. स्वतःच्या संकेतस्थळावर ईमेल नोंदणी, ‘डिस्कॉर्ड’वर गट, नियमित बातमीपत्र असे मार्ग अनेक चमू वापरतात. एक हजार थेट पत्ते हे विशलिस्टमधल्या दहा हजार अनोळखी नावांपेक्षा अधिक भरवशाचे. एकाहून अधिक दुकानांत गेम ठेवणे हा दुसरा मार्ग. त्याने उत्पन्न फार वाढत नाही, पण एका दाराचा धोका थोडा कमी होतो.

धोरणाचा भाग सरकारांच्या हाती आहे. युरोपीय संघाच्या डिजिटल बाजार कायद्यामुळे २०२४ पासून तिथे आयफोनवर अ‍ॅपलखेरीज इतर दुकाने सुरू होऊ शकली. मात्र त्या कायद्याच्या यादीत स्टीम नाही. भारतातही डिजिटल स्पर्धा विधेयकाचा मसुदा मार्च २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला, पण त्याचा कायदा झालेला नाही. या चर्चांत बोलणारे बहुधा मोठ्या कंपन्यांचेच प्रतिनिधी असतात. छोट्या निर्मात्याच्या मागण्या साध्या आहेत. नकाराचे कारण लेखी मिळावे. चूक दुकानाची असेल तर ती नऊ महिन्यांनी नव्हे, तर लगेच कळावी आणि तिची भरपाई निश्चित असावी. ज्याने आपणहून आपला गेम यादीत टाकला, त्याला त्याच्याच संमतीने थेट कळवण्याची मुभा असावी.

कमिशन ३० टक्के असावे की १२, यावर वाद चालूच राहील. पण ज्याच्या हाती गिऱ्हाइकांची यादी आहे, तोच बाजार चालवतो. ती यादी निर्मात्याला अंशतः तरी पाहता येत नाही, तोवर स्वस्त दुकाने कितीही निघाली तरी त्याचे अवलंबित्व फारसे घटणार नाही.